फुलीचे दोनच कोन

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी, रोआनोक शहराच्या दक्षिणेला ‘फेअरी स्टोन स्टेट पार्क’ आहे. घनदाट जंगल, त्यातून जाणाऱ्या पायवाटा आणि मध्ये एक तलाव. राज्याने 1936 मध्ये जी पहिली सहा उद्यानं खुली केली, त्यांतलं हे एक. तलावाच्या पाण्याखाली फेअरडेल नावाचं लोखंडाच्या खाणीचं गाव बुडालेलं आहे. मात्र पर्यटकांची नजर तलावापेक्षा मातीवर अधिक असते, कारण या भागात मातीत तपकिरी, बोटाच्या पेराएवढे दगडी क्रूस सापडतात. येशूच्या मृत्यूची बातमी ऐकून पऱ्या रडल्या, त्यांचे अश्रू गोठून हे खडे झाले, अशी इथली दंतकथा.

खड्याचं खनिज आहे स्टॉरोलाइट: लोह, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, ऑक्सिजन आणि थोडा हायड्रोजन. कधीकाळी समुद्रतळाशी साचलेला चिखल भूखंडांच्या टकरीत खोल गाडला गेला. 500 ते 700 अंश सेल्सियसच्या आसपास, प्रचंड दाबाखाली, त्याचं अभ्रकाने चकाकणाऱ्या शिस्ट खडकात रूपांतर झालं आणि त्यातच हे स्फटिक वाढले. खडक वितळला नव्हता, हे विशेष. आपल्याकडे दख्खनच्या बेसॉल्टमधले झिओलाइट खनिजांचे स्फटिक लाव्हातल्या पोकळ्यांमध्ये ऐसपैस वाढतात. स्टॉरोलाइटच्या नशिबी मोकळी जागा नव्हती. घन खडकातले अणू एकेक करून हलवत त्याने स्वतःची जागा केली. ठरावीक तापमान आणि दाबाच्या पट्ट्यातच तो तयार होतो, म्हणून भूवैज्ञानिकांना तो खडकाने सोसलेल्या उष्णतेचा दाखला वाटतो. भूवैज्ञानिक जॉर्ज बॅरो यांनी 1893 मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाचे पट्टे अशाच खनिजांवरून पाडले होते.

आता फुलीकडे वळू. दोन स्फटिक वाढता वाढता एकमेकांवर आदळले, असा आपला पहिला अंदाज असतो. तसं असतं तर फुल्या वाटेल त्या कोनात सापडल्या असत्या. प्रत्यक्षात ठसठशीत फुल्यांमध्ये कोन दोनच: साधारण 60 अंश किंवा 90 अंश.

का, ते पाहायला सापशिडीचा फासा घ्या. त्याच्या एका बाजूवर दोन्ही कर्ण काढा. ते 90 अंशांत छेदतात. शेजारशेजारच्या दोन बाजूंवर एकाच कोपऱ्यातून निघणारे कर्ण काढा. त्यांच्यातला कोन 60 अंश भरतो. स्टॉरोलाइटमधल्या ऑक्सिजनच्या अणूंची रचना जवळजवळ घनाकृती असते आणि त्याचा लांबट स्फटिक या घनाच्या बाजूवरच्या कर्णाच्या दिशेने वाढतो. घनाला असे कर्ण अनेक असल्यामुळे स्फटिकाचा एक भाग एका कर्णाची वाट धरतो आणि दुसरा दुसऱ्या. ऑक्सिजनची चौकट मात्र दोघांमधून जवळजवळ अखंड जाते. म्हणजे ही चिकटलेली जोडी नसून एकमेकांत रुतलेली जुळी आहेत.

यांत 60 अंशांची तिरकी फुली जास्त आढळते. काटकोनातला नीटस क्रूस दुर्मीळ, म्हणून त्याचाच भाव जास्त. मला तिरकी अधिक आवडते: दंतकथेला ती अडचणीची असली, तरी घनाचं गणित तिच्यात जास्त छान दिसतं. दुकानांतले एकसारखे, गुळगुळीत काटकोनी क्रूस मात्र जरा संशयाने पाहावेत. घासून-कोरून केलेलेही विकले जातात.

ताजा स्टॉरोलाइट काचेवर ओरखडा काढेल इतका कठीण असतो. भोवतालचा शिस्ट आधी झिजतो आणि खडे सुटून मातीत येतात, त्यामुळे ते शोधायला खडक फोडावा लागत नाही. उद्यानाने शोधासाठी रस्ता क्रमांक 57 लगत जागा ठेवली आहे. तिथून स्वतःपुरते मोजके खडे उचलता येतात. विक्रीसाठी गोळा करायचे नाहीत आणि खोदायची अवजारं वापरायची नाहीत. पावसाने माती धुऊन निघाली की शोध सोपा होतो. हाती आलेला खडा घरी नेऊन खसाखसा घासू नये. इथल्या अनेक स्फटिकांचं बाहेरून अभ्रकात रूपांतर झालेलं असतं. तो थर मऊ असतो आणि घासताना फुलीच्या कडाच निघून जातात.