चार इंचांचा नियम कुठून आला?

मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या खडबडीत ट्रॅकवरची मोटरसायकल शर्यत. अमेरिकेत जुन्या मोटोक्रॉस गाड्यांच्या 'व्हिंटेज' गटात उतरायचं, तर गाडीचं पुढचं चाक सात इंचांपेक्षा आणि मागचं चार इंचांपेक्षा जास्त वरखाली होता कामा नये. माप धरायचं ते अ‍ॅक्सलपाशी, म्हणजे चाकाच्या आसापाशी. गाडी १९७४ ची आहे, कागद चोख आहेत, पण मागचं चाक पाच इंच उचललं जातंय, तर ती बाहेर. जुनेपण टेपने मोजायची ही वेळ का आली, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

सुरुवात तारखेपासूनच झाली. १९४६ मध्ये सी. ई. 'टिच' अ‍ॅलन यांच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये व्हिंटेज मोटरसायकल क्लब उभा राहिला. युद्ध नुकतंच संपलं होतं आणि जुन्या गाड्यांना कोणी वाली नव्हता. १९३१ च्या आधी बनलेल्या गाड्या एवढीच क्लबची अट होती. पुढे त्याची २५ वर्षांची सरकती अट झाली. गाड्या जपायच्या असतील तर ही अट उत्तम. शर्यतीत मात्र ती घात करते, कारण दर वर्षी थोडी जास्त वेगवान गाडी 'जुनी' ठरून आत येते आणि खरी जुनी गाडी मागे पडत जाते.

म्हणून शर्यतवाल्यांनी रेघ एका जागी पक्की ठोकली. ब्रिटनमधली 'प्री-६५', म्हणजे १९६५ च्या आधीच्या गाड्यांची, ही त्यातली सगळ्यांत गाजलेली. ट्रायल्स म्हणजे दगडधोंड्यांतून, ओढ्यांतून पाय न टेकता गाडी काढायची स्पर्धा. तिथला राजा सॅमी मिलर १९६४ च्या अखेरीस आपली ५०० सीसीची एरियल सोडून स्पेनच्या बुल्टाकोच्या हलक्या टू-स्ट्रोकवर बसला आणि १९६५ ची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकला. वजनदार ब्रिटिश फोर-स्ट्रोकचे दिवस तिथे भरले. प्री-६५ ची रेघ बरोबर त्या वळणावर पडते. साल हे तिथे निमित्त आहे. जपायची आहे ती त्या सालाआधीची चुरस.

मोटोक्रॉसमध्ये असं एकच साल सापडेना. १९७० च्या सुमारास मागचं चाक जेमतेम चार इंच हलायचं. मग बेल्जियन अभियंता लुसियन टिल्केन्स यांची एकाच शॉकअपची रचना यामाहाने घेतली आणि १९७३ मध्ये हाकान अँडरसन त्या गाडीवर २५० सीसीचा जगज्जेता झाला. दुसऱ्या बाजूने जर्मनीच्या माइकोने १९७४ च्या हंगामाच्या मध्यात दोन्ही शॉकअप स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्यावर, पुढे सरकवून तिरके बसवले. युक्ती साधी तरफेची. शॉकअप चाकापासून लांब, म्हणजे तो दबणार तेवढाच, पण चाक हलणार कितीतरी जास्त. हे पाहून पोरांनी घरच्या गॅरेजमध्ये फ्रेम कापून नवे माउंट वेल्ड करायला सुरुवात केली. काही वर्षांतच चाकं बारा इंचांपर्यंत हलायला लागली. ज्या खड्ड्यांसमोर आधी थ्रॉटल सोडावा लागे, त्यांवरून आता गाडी सरळ उडत जाई. चालवण्याची रीतच बदलली.

म्हणजे १९७४ च्या एकाच हंगामात दोन काळांच्या गाड्या शेजारी-शेजारी उभ्या होत्या, आणि काही तर जानेवारीत जुन्या होत्या, जूनमध्ये नव्या झाल्या. सालावर निवाडा कसा करणार? अमेरिकन हिस्टॉरिक रेसिंग मोटरसायकल असोसिएशन, म्हणजे 'आर्मा', १९८६ मध्ये स्थापन झाली. तिच्या नियमांत वर्षाच्या मर्यादेच्या जोडीला हे सात आणि चार इंच आले. मला हा नियम फार आवडतो. बदल नेमका कशात झाला ते ओळखून त्याने तिथेच बोट ठेवलं आहे.

आर्माच्या नियमांतली दुसरी महत्त्वाची कल्पना 'समान रचने'ची. गाडी मर्यादेनंतर बनली असली तरी तिची रचना मर्यादेआधीचीच असेल, तर ती चालते. आपल्याकडच्या बुलेटवरून हे चटकन लक्षात येईल. मूळ आराखडा इंग्लंडचा, पण मद्रासच्या कारखान्यात जवळपास त्याच इंजिनाच्या गाड्या पुढे कित्येक दशकं बनत राहिल्या. अशा गाडीचं वय नंबरप्लेटवरून ठरवायचं की आराखड्यावरून? आर्माचं उत्तर आराखडा. म्हणूनच १९७० नंतर बनलेल्या होंडा सीबी ३५० त्यांच्या रस्त्यावरच्या शर्यतींत साठच्या दशकातल्या गाड्यांबरोबर धावतात, आणि हजारोंनी विकल्या गेलेल्या त्या गाडीमुळे साध्या खिशाच्या माणसालाही शर्यतीत उतरता येतं.

याच दारातून नवी बनवलेली गाडीही आत येते. मँक्स नॉर्टन आणि मॅचलेस जी-५० या ब्रिटिश शर्यतीच्या गाड्यांचं उत्पादन १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच थांबलं, पण त्यांची इंजिनं आजही नव्याने ओतली आणि घडवली जातात. मूळ इंजिन शर्यतीत फोडण्यापेक्षा हे बरं, असं मलाही वाटतं. पण जुन्या आकाराच्या आत आजचा धातू आणि आजची अचूकता भरली, की मूळ सुटे भाग जमवून धावणाऱ्याचं काय? प्री-६५ मध्ये तर हा वाद वर्षानुवर्षं धुमसतो आहे. बाहेरून जुना दिसणारा फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन), आत सगळं नवं. तपासनिसाने तो उघडायचा तरी किती?

पुढच्या काळातल्या गाड्यांसाठी ब्रिटनमध्ये 'इव्हो' गट आखताना तर सालावर विसंबणं सोडूनच दिलं. इंजिन हवेवर थंड होणारं हवं, ब्रेक ड्रमचे हवेत, मागच्या सस्पेन्शनला लिंकेज, म्हणजे शॉकअप आणि स्विंगआर्म यांच्यामधली दांड्यांची जोडणी, नको. त्यामुळे १९८१ ची माइको ४९० आत येते, आणि त्याच वर्षीची, पाण्याच्या रेडिएटरची आणि प्रो-लिंकची (होंडाच्या लिंकेजचं नाव) होंडा सीआर २५० बाहेर राहते.