पूवम्मा, रिले आणि ४० वर्षांतला ०.०२ सेकंदांचा फरक

आपल्या नाशिकात धावणं म्हटलं की लोकांना कविता राऊत आठवते, मग संजीवनी जाधव, मोनिका आथरे, म्हणजे सगळ्या लांब पल्ल्याच्या. ४०० मीटरवाली कोणी विचारली तर गाडी अडते. पण वणी ओलांडून सापुताऱ्याचा घाट चढलात की गुजरातचा डांग जिल्हा लागतो आणि तिथली सरिता गायकवाड, आधी खो-खो खेळणारी पोरगी, २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये ४×४०० रिलेचं (चौघींनी प्रत्येकी ४०० मीटर धावायचं) गोल्ड घेऊन आली. सुरगाण्यापासून किती लांब आहे हो ते? आपल्या शेजारचीच की.

त्याच टीममध्ये होती एम. आर. पूवम्मा. ही कर्नाटकची, मंगळुरूत वाढलेली, १९९० चा जन्म. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला गेली तेव्हा जेमतेम १८ वर्षांची होती पण राखीव, धावायला मिळालंच नाही. रिलेवाल्यांचं नशीब हे असंच असतं, कॅम्पमध्ये पाच-सहा जणींचा पूल, सगळ्या सारख्याच राबतात आणि धावतात चौघी. २०१२ लंडनला तर आपली ही रिले टीमच गेली नाही, कारण आदल्या वर्षी डोपिंगमध्ये अख्खा ग्रुपच अडकला होता, २०१० च्या कॉमनवेल्थ आणि एशियाडचं गोल्ड मिळवणाऱ्या मुलीसुद्धा त्यात होत्या, आणि युक्रेनियन कोच युरी ओगोरोद्निकची हकालपट्टी झाली.

पूवम्माची खरी चढती कमान त्यानंतरची. २०१४ इंचॉन एशियाडला रिलेचं गोल्ड आणि स्वतःचं ४०० मध्ये ब्राँझ, २०१५ ला अर्जुन पुरस्कार, २०१६ रिओ, मग जकार्ता. तिथलं मिक्स्ड रिलेचं (दोन पुरुष, दोन बायका) सिल्व्हरसुद्धा बहरीनची धावपटू डोपिंगमध्ये सापडल्यावर नंतर गोल्ड झालं. आणि मग फेब्रुवारी २०२१ मध्ये खुद्द पूवम्माचंच सॅम्पल पॉझिटिव्ह आलं, मिथाइलहेक्झानअमाइन नावाचं उत्तेजक. आधी शिक्षा तीन महिन्यांची, अपिलात २०२२ ला ती दोन वर्षांची झाली. तिशी पार केलेल्या ४०० वालीला दोन वर्षं म्हणजे करिअर संपलंच समजायचं, पण ही परत आली आणि २०२४ ला पॅरिसला रिलेत धावली, वय ३४. डोपिंगचा डाग पुसला जात नाही हे मान्य, पण चिकाटी बघा बाईची.

आता आकडे बघा. १९८४ लॉस एंजेलिसला वल्सम्मा, वंदना राव, शायनी अब्राहम आणि पी. टी. उषा यांनी फायनलला ३:३२.४९ टायमिंग दिलं, सातव्या आल्या, तेव्हाचा तो आशियाई विक्रम होता. पॅरिसला आपल्या पोरींचं टायमिंग ३:३२.५१. चाळीस वर्षांनी ०.०२ सेकंद जास्तच! १९८४ ला सोव्हिएत आणि पूर्व जर्मनीचा बहिष्कार होता म्हणून फायनल थोडी सोपी गेली असेल, तरी त्या टायमिंगला तेव्हा फायनल होती आणि पॅरिसला हीटमध्येच, म्हणजे प्राथमिक फेरीतच, आठवा नंबर.

मधल्या काळात आपण झोपलो होतो असंही नाही. २००४ अथेन्सला चित्रा सोमन, राजविंदर कौर, बीनामोल आणि मनजीत कौरनी हीटमध्ये ३:२६.८९ काढलं आणि आपली टीम फायनलला सातवी आली. म्हणजे प्रत्येकीला सरासरी ५१.७ सेकंद, तर पॅरिसचं सरासरी ५३.१. प्रत्येकीमागे जवळपास दीड सेकंद हा ४०० मध्ये फार मोठा खड्डा आहे, आणि एक चांगली मुलगी सापडली म्हणून तो भरत नाही, एकाच वेळी चौघी लागतात आणि त्या दुखापत, बंदी, लग्न, नोकरी या सगळ्यातून एकत्र टिकाव्या लागतात. २००२ ते २०१८ सलग पाच एशियाडला आपण या रिलेचं गोल्ड घेतलं म्हणून आशियात सगळं छान दिसत राहिलं. अथेन्सचं ३:२६.८९ मात्र पॅरिसपर्यंत कोणाला मोडता आलं नाही, पूवम्माच्या टीमलाही नाही.