परमिट रूम: मुंबईच्या रात्रीमागची गोष्ट

हायवेच्या कडेला असो की डोंबिवली स्टेशनबाहेर, 'बिअर बार अँड परमिट रूम' ही पाटी आपण इतक्यांदा वाचली आहे, की परमिट कसलं हा प्रश्न कुणालाच पडत नाही. तर ते परमिट पिणाऱ्याचं. मुंबई दारूबंदी कायदा 1949 सालचा आणि तो आजतागायत रद्द झालेला नाही. त्याच्या नावातल्या मुंबईच्या जागी महाराष्ट्र आलं, एवढंच. कायद्याच्या लेखी राज्यात दारू बंद आहे, परवानाधारकाला तेवढी मुभा. परवाना एका दिवसाचा 5 रुपयांत मिळतो, देशीसाठी 2 रुपयांत, आणि जन्मभराचा 1000 रुपयांत. लोअर परळच्या पबमध्ये बसलेल्यांपैकी किती जणांच्या खिशात तो असतो, हे विचारून कुणाच्या संध्याकाळीचा विचका करू नये. पण मुंबईच्या नाइटलाइफवरून दर काही वर्षांनी जो गदारोळ होतो, त्याचं मूळ या पाटीपाशी सापडतं.

बंदीच्या आधीची रात्र वेगळी होती. लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक 1935 साली आपला जॅझ बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड ही मंडळी इथे वाजवू लागली. समोर नाचायला गोरे साहेब, पारशी शेठ आणि संस्थानिक. या बँडांकडून धडे घेतले ते गोवेकरांनी. पोर्तुगीज अमलातल्या चर्चच्या शाळांमध्ये नोटेशन वाचणं आणि व्हायोलिन लहानपणीच गिरवलेलं असल्यामुळे मुंबईत उतरल्यावर त्यांना काम मिळे. धोबी तलावच्या आसपास आपापल्या गावाच्या 'कुडां'मध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक वसतिगृहांत, पथारी टाकायची, दिवसा सिनेमाचं रेकॉर्डिंग आणि रात्री हॉटेल. त्यातला आंतोनियो झेवियर वाझ ट्रंपेट वाजवायचा आणि चिक चॉकलेट या नावाने ओळखला जायचा. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांना पाश्चात्य ठेका हवा असला की हाताशी असे तो हा माणूस. 'अलबेला' (1951) मधल्या गाण्यांत त्याचा वाटा आहे. पडद्यावर नाचले ते गिरणी कामगाराचे चिरंजीव भगवानदादा. आजही गणपतीच्या मिरवणुकीत कुणी खांदे हलवत, हात झुलवत 'भगवानदादा स्टाइल' नाचतो, तेव्हा ताजच्या बॉलरूममधलं काहीतरी त्या ठेक्यात असतंच. श्रेयनामावलीत मात्र या गोवेकर वादकांची नावं बहुधा सापडत नाहीत.

मग मोरारजी आले. मुंबई प्रांताचे गृहमंत्री म्हणून त्यांनी दारूबंदी टप्प्याटप्प्याने आणली आणि 1950 मध्ये ती पूर्ण झाली. परदेशी पाहुणा किंवा डॉक्टरची चिठ्ठी असलेला 'रुग्ण', यांनाच परवाना. या परवानेवाल्यांना बसून प्यायला जी वेगळी खोली, ती परमिट रूम. एफ. एन. बलसारा नावाचे पारशी गृहस्थ कायद्याविरुद्ध कोर्टात गेले. 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषधं आणि प्रसाधनांतल्या अल्कोहोलपुरती काही कलमं उडवली, बाकी कायदा राहिला.

शहर काही प्यायचं थांबलं नाही. ज्याला डॉक्टरची चिठ्ठी परवडत नव्हती, तो आंटीच्या गुत्त्यावर गेला. चाळीतली एक खोली, आत दोन बाकडी, सोबत उकडलेलं अंडं किंवा चणे, आणि कोपऱ्यावर पोलिसांवर नजर ठेवणारं पोरगं. माल धारावीच्या खाडीकाठच्या हातभट्ट्यांचा. वरदराजन मुदलियारचं साम्राज्य याच धंद्यावर उभं राहिलं. मुंबईच्या अंडरवर्ल्डला पहिलं भांडवल पुरवण्यात एका सोवळ्या कायद्याचा मोठा हात होता, असं माझं मत आहे. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना नियम सैल होत गेले, परवाना नावापुरता उरला आणि पाटी मात्र राहिली.

तिकडे गिरणगावाची रात्र कुणाच्या परवान्यावर चालत नव्हती. रातपाळीचा भोंगा, उशिरापर्यंत पेटलेल्या खानावळींच्या चुली, रात्रशाळा, भजनी मंडळं, लालबागच्या हनुमान थिएटरातला तमाशा. हे सगळं नाइटलाइफच होतं, फक्त त्याला तसं कुणी म्हणालं नाही. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि भोंगे एकेक करून कायमचे बंद पडत गेले. 1991 च्या विकास नियमावलीने गिरण्यांची जमीन इतर वापरासाठी मोकळी करायला सुरुवात केली. त्याच दशकाच्या अखेरीस फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंग ॲली आणि डिस्को सुरू झाले. पुढे कमला मिलच्या आवारातही पब दाटीवाटीने उभे राहिले. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर तिथे गच्चीवर आग लागून 14 जण गेले. त्यानंतर बेकायदा बांधकामांवर हातोडे पडले.

कायद्याचा पंक्तिप्रपंच सर्वांत उघडा पडला तो डान्स बारच्या वेळी. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना 2005 मध्ये बारमधल्या नाचावर बंदी आली, पण त्यातून तीन तारांकित आणि त्यावरची हॉटेलं वगळली. म्हणजे तोच नाच पनवेलला अश्लील आणि पंचतारांकितात करमणूक. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं आणि बंदी रद्द केली. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. सरकारने 2014 आणि 2016 मध्ये पुन्हा कायदे केले, आणि जानेवारी 2019 मध्ये न्यायालयाने त्यांतल्याही बऱ्याच अटी काढल्या. टीप चालेल, नोटा उधळायच्या नाहीत, असा तो हिशेब. पोट भरायची सोय बंद पडलेल्या सुमारे 75,000 बायकांचा आकडा या खटल्यात मांडला गेला होता. चौदा वर्षांत त्यातल्या किती जणी निकाल वाचायला मुंबईत उरल्या असतील?

जानेवारी 2020 मध्ये मंत्रिमंडळाने 'मुंबई 24 तास'ला मंजुरी दिली. आदित्य ठाकरे यांनी हा विषय बरीच वर्षं लावून धरला होता. वांद्रे-कुर्ला संकुल, नरिमन पॉइंट अशा निवासी नसलेल्या भागांतले मॉल आणि उपाहारगृहं रात्रभर उघडी ठेवायला परवानगी मिळाली. पब आणि बार यांची वेळ दीडचीच राहिली. पहाटे तीनला कॉफी मिळेल, बिअर नाही. दोन महिन्यांच्या आत, मार्चमध्ये, टाळेबंदी लागली आणि कॉफीही बंद झाली.