अ‍ॅडहेसिव्ह बदलले, पेटंट मिळेल का? वादाची पार्श्वभूमी

एखाद्या वस्तूतले फक्त अ‍ॅडहेसिव्ह, म्हणजे चिकटवायचा पदार्थ, बदलला तर तो पेटंट देण्याजोगा शोध ठरतो का, हा जुना वाद आहे. त्याची सुरुवात दाराच्या मुठीपासून झाली. अमेरिकेत लाकडी किंवा धातूच्या मुठीऐवजी चिनी मातीची मूठ करून पेटंट घेतले होते. दांडा बसवण्याची रीत जुनीच: आत रुंद होत जाणारी खाच, तीत वितळलेला धातू. १८५१ मध्ये न्यायालयाने पेटंट रद्दबातल ठरवले. नुसते साहित्य बदलणे हे कुशल कारागिराचे काम, शोधकाचे नव्हे. १९४५ मध्ये छपाईच्या शाईतल्या द्रावकाबाबत (सॉल्व्हंटबाबत) हेच अधिक झोंबेल असे सांगितले गेले: ज्ञात गरजेसाठी यादीतून ज्ञात रसायन निवडणे म्हणजे कोड्यातला शेवटचा तुकडा उरलेल्या जागी बसवणे. तिथल्या १९५२ च्या पेटंट कायद्याने ही कसोटी कलमात आणली: त्या क्षेत्रातल्या जाणकाराला उघडच सुचेल अशा बदलाला पेटंट नाही.

१९६६ मध्ये मात्र एका बॅटरीचे पेटंट न्यायालयात टिकले. तिच्यातले पदार्थ जुनेच होते, पण नुसते पाणी ओतल्यावर ती चालू लागे, आणि ती चालेल यावर जाणकारांचा विश्वास नव्हता.

खरा गुंता अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या निकालाने वाढवला. ‘करून पाहणे उघडच होते’ हा आक्षेप त्याने पुन्हा वजनदार केला. अट अशी की पर्याय मोजके, माहीत असलेले आणि परिणामाचा अंदाज येण्याजोगे असावेत. पुढे ‘मोजके’ तेवढे सगळ्यांच्या तोंडी राहिले आणि ‘अंदाज’ मागे पडला. अ‍ॅडहेसिव्हच्या बाबतीत हे फारच अन्यायाचे आहे. थर्माकोलवर सॉल्व्हंटचे अ‍ॅडहेसिव्ह लावले की थर्माकोल विरघळतो. तिथे पाण्यावर आधारलेले घेणे कुणालाही सुचेल. पण तेच दोन न शोषणाऱ्या पत्र्यांमध्ये लावले तर पाणी जाणार कुठे? सांधा ओलाच राहतो. ही अडचण कुणी सोडवली, तर शोध त्या सोडवणुकीत आहे. पेटंटचा अर्ज तपासणाऱ्याला मात्र बरेचदा फक्त बदललेले नाव दिसते. डेटाशीटवरची, म्हणजे अ‍ॅडहेसिव्हच्या माहितीपत्रकातली, ताकद ठरावीक, साफ केलेल्या पट्ट्यांवर मोजलेली असते, हेही तो विसरतो.

युरोपात प्रश्नच वेगळा विचारतात. जाणकाराला हे करता आले असते का, एवढ्यावर भागत नाही. त्याने ते केले असते का, हे पाहतात. मला हा प्रश्न जास्त प्रामाणिक वाटतो.

म्हणून अर्जात आता तुलनेच्या चाचण्या महत्त्वाच्या ठरतात: सांधा तोच, जाडी तीच, एकदा जुने अ‍ॅडहेसिव्ह, एकदा नवे.