एअरगनमध्ये तेल सोडलं की ताकद वाढते?

गोदामातल्या उंदरांसाठी स्वस्तातली स्प्रिंगवाली एअरगन घेतली की हा सल्ला हमखास फॉरवर्ड होतो: नळीत दोन थेंब तेल सोडा, ताकद वाढते. आवाज मोठा येतो म्हणून खरं वाटतं, पण होतं काय की पिस्टन हवा एकदम दाबतो, हवा तापते आणि तेल डिझेल इंजिनासारखं पेटतं, दर वेळी कमीजास्त, म्हणून छर्रा कधी वर कधी खाली आणि मार बसतो स्प्रिंग अन् पिस्टनच्या टोकाला हवा अडवणाऱ्या वॉशरला. ज्यांनी आधीच टाकलंय त्यांनी 10 मीटरवर कागद लावून पाच छर्रे मारा, धूर आणि जळका वास थांबला की परत पाच, भोकं जवळ आलेली दिसतील. जुन्या चामडी वॉशरला मात्र थोडं तेल लागतं, किती ते मॅन्युअलमध्ये बघा.