अन्ननलिकेचा पेटका की अंजायना?

छातीच्या मधोमध आवळून येते, कळ पाठीत किंवा जबड्यात जाते. घरात कुणाची तरी सॉर्बिट्रेट, म्हणजे हृदयाच्या कळेवरची गोळी, असते. ती जिभेखाली ठेवली की थोड्या वेळात बरे वाटते आणि ‘हृदयाचंच होतं’ असे ठरून जाते. पण एवढ्यावरून तसे ठरत नाही. ही गोळी अनैच्छिक स्नायू सैल करते. ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीत असतात, तसेच अन्ननलिकेच्या खालच्या भागातही. आराम दोन्हीकडे पडू शकतो.

अंजायनात हृदयाच्या स्नायूला रक्त अपुरे पडते. जिना चढताना कळ येते, थांबले की बहुधा काही मिनिटांत ओसरते. पेटक्यात घास खाली ढकलणारी लाट बिघडते आणि नळीचा मोठा भाग एकदमच आवळला जातो. घास अडकल्यासारखा वाटतो. कढत चहा किंवा बर्फाचे पाणी निमित्त होते. तरी हा फरक घरबसल्या लावत बसू नका. कळ नवी असेल तर आधी ईसीजी आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणी. हृदय निर्दोष निघाल्यावरच एंडोस्कोपी आणि नळीतला दाब मोजणारी मॅनोमेट्री.

उपचारात गोंधळ आणखी वाढतो, कारण हृदयाचे औषध म्हणून ओळखले जाणारे डिल्टियाझेम दोन्हीकडे चालते. चिठ्ठीवर ते नाव दिसले की ‘डॉक्टर काहीतरी लपवतायत’ अशी कुजबुज घरात सुरू होते. अंजायनात मात्र त्याच्या जोडीला ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन आणि गरजेनुसार अँजिओप्लास्टी असते. पेटक्यात सुरुवात बहुतेकदा आम्ल कमी करणाऱ्या गोळीने होते, कारण वर येणारे आम्ल पेटक्याला चिथावते. पुदिन्याच्या तेलाने काहींना फरक पडतो, पण त्याने छातीत जळजळ वाढू शकते. वेदनेची जाणीव बोथट करायला इमिप्रामिनसारखे नैराश्यावरचे औषध अगदी कमी मात्रेत देतात. त्याचा अर्थ दुखणे मनाचे आहे असा नाही. ट्रामाडॉलसारखी ओपिऑइड वेदनाशामके रोज चालू असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा, त्यांनीच नळीची हालचाल बिघडू शकते. कधी सिल्डेनाफिलही (व्हायग्रातले औषध) देतात, पण सॉर्बिट्रेट घेणाऱ्याने ते घेतले तर रक्तदाब धोकादायक खाली जातो.

एवढ्याने भागले नाही तर एंडोस्कोपीतून बोटॉक्सचे इंजेक्शन. त्याचा असर काही महिन्यांनी उतरतो. शेवटचा पर्याय पोएम नावाची शस्त्रक्रिया. जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये ती प्रथम रुग्णावर केली, तीही अकॅलेशियासाठी, म्हणजे अन्ननलिकेचे खालचे तोंड नीट न उघडण्याच्या आजारासाठी. यात तोंडावाटे दुर्बीण घालून नळीचा आवळणारा स्नायू आतूनच कापतात. पेटका बहुतेकदा जातो, पण नंतर अनेकांना ॲसिडिटीची गोळी चालू ठेवावी लागते.