पेंढा हवा की कडबा? आमच्या वखारीतल्या मालाविषयी

मध्यंतरी मुलाने हौसेने पाटीवर पेंढ्याच्या इंग्रजी नावाने ‘स्ट्रॉ मिळेल’ असं रंगवून घेतलं. आठवडाभर फोन आले ते शहाळीवाल्यांचे आणि ज्यूस सेंटरवाल्यांचे! त्यांचंही चुकलं नाही. पिण्याची नळी मुळात राय धान्याची पोकळ काडीच होती. ती पेयात लिबलिबीत व्हायची, म्हणून अमेरिकेत मार्विन स्टोनने १८८८ साली कागदी नळीचं पेटंट घेतलं. पाटी आम्ही बदलली, पण घोटाळा मराठीतही होतोच. ‘पेंढा पाठवा’ म्हणणाऱ्याला कधी कडबा हवा असतो, कधी काड.

दाणे काढल्यावर मागे उरतं त्याला पिकागणिक नाव आहे. ज्वारीचा कडबा, भाताचा पेंढा, गव्हाचं काड, बाजरी-मक्याचं सरमाड, तूर-हरभऱ्याचा भुसा. विदर्भातले ग्राहक भुशाला कुटार म्हणतात. गवत वेगळं, ते हिरवं असताना कापून वाळवतात. आम्ही ठेवत नाही.

सर्वांत जास्त खपतो तो कडबा. ‘काडीची किंमत नाही’ म्हणणाऱ्याने मे महिन्यात शेकड्याचा भाव विचारून पाहावा. आमच्याकडे मंगळवेढा-बार्शी भागातल्या शाळूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा असतो. घेताना पेंढी, म्हणजे बांधलेली जुडी, सोडून पाहा: पानं शाबूत हवीत, वास गोडसर हवा. अख्खी पेंढी टाकली की जनावर पानं ओरबाडतं आणि बुडखे पायाखाली तुडवतं, म्हणून शक्यतो कुट्टी, म्हणजे बारीक तुकडे केलेला कडबा न्या. किराळ लागण्याची, म्हणजे विषबाधेची भीती कोवळ्या हिरव्या ज्वारीची; आमचा कडबा पक्व आणि वाळलेला असतो.

भाताचा पेंढा पोट भरतो, पण अंगी लागत नाही. त्यासाठी १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडा, दाबा, आणि प्लॅस्टिकने हवाबंद करून २१ दिवस ठेवा. उघडल्यावर उग्र वास उडू द्या, मग थोडा थोडा सुरू करा. माप अंदाजाने घेऊ नका. सहा महिन्यांखालच्या वासरांना आणि घोड्यांना हा पेंढा घालायचा नाही, आणि युरियाचं पाणी जनावराच्या तोंडापर्यंत जाता कामा नये.

आंब्याच्या अढीसाठी किंवा पेटीत घालायला पेंढा हवा असेल तर आधी सांगा. त्यासाठी कोरडा, धूळ झटकलेला वेगळा काढतो. नाताळात वसईकडची मंडळी गोठ्याच्या देखाव्यासाठी एखादीच पेंढी मागतात. तीही देतो.

गव्हाच्या काडाला आपली जनावरं फारशी तोंड लावत नाहीत. ते नेतात धिंगरी अळिंबीवाले, म्हणजे मशरूम पिकवणारे. त्यांनी यंदाचं, पावसात न भिजलेलंच काड मागावं. तीन ते पाच सेंटीमीटरचे तुकडे रात्रभर भिजवून तासभर ८० अंशांच्या गरम पाण्यात ठेवले, की बियाणं भरायला तयार. मातीच्या भिंतीचा गिलावा करणारेही बारीक काड नेतात. त्याने लिंपण तडकत नाही.

गंज रचताना खाली लाकडं किंवा दगड घाला. ओल्या पेंढ्याची गंज आतून तापते आणि कधी पेटतेही. काळं पडलेलं, बुरशी आलेलं वैरण जनावराला घालू नका.

मागणी देताना पिकाचं नाव आणि काम, दोन्ही सांगा. माल गाडीतून उतरण्याआधी मधल्या दोन पेंढ्या उपसून पाहा. तेव्हा बुरशी दिसली तर पूर्ण गाडी परत घेतो. तुमच्या अंगणात भिजलेल्या मालाची तक्रार मात्र आणू नका.